उजेड कुठून पडावा

एफीनं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.
"तुझ्या भावाची शेड. वीज आण तिथवर."
एवढंच. चहा नंतर मिळाला.

आत डेलियाचे कंद वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
तीन फावडी, त्यातलं एक बिनदांड्याचं,
रंगाचे डबे साय धरून सुकलेले,
आणि छपराच्या डांबरी कागदाला नाण्याएवढं भोक.
त्यातून फाइफचं आभाळ
थेंबाथेंबानं आत यायचं.
भोक बुजवलं. कंद कोळीष्टकांसकट तिनं घरात नेले.

तीस वर्षं मी खाणीत इलेक्ट्रिशियन होतो.
दोन हजार फूट खाली तारा ओढल्यात;
अंधार मी डब्यातल्या पावासोबत खाल्लाय.
ही तर बाग, चौदा पावलांची.
दीड फावडं खोल चर खणला,
डुगीच्या लीकच्या वाफ्याला वळसा घालून.
भाऊ जाऊन दोन हिवाळे झाले,
पण त्याच्या लीकवर पाय द्यायची माझी छाती नाही.
चरात चिलखती केबल, तिच्यावर वाळू,
वाळूवर पिवळी पट्टी:
उद्या कोणी खणलं तर त्याला कळावं
की खाली काहीतरी जिवंत आहे.
पट्टी कापायला एफीची कात्री घेतली.
ती नुसतीच चावत राहिली.
"धार लाव हिला," म्हटलं.
एफी गालात हसली.

शाळेच्या बँडचे सात किल्ट तिला जूनपर्यंत द्यायचेत,
एकेकाला तीस-तीस चुण्या.
"पिवळा दिवा नको," ती म्हणाली,
"पिवळ्यात काळा आणि गडद निळा
सख्खे भाऊ दिसतात.
मॅकार्डीच्या पोराची पँट मी निळ्या दोऱ्यानं शिवली,
आणि तो ती घालून बापाच्या दफनाला उभा राहिला
भर दुपारी, भर उन्हात.
फाइफला ऊन पडायला तोच दिवस सापडला."

म्हणून पांढरे दिवे. छताला दोन नळ्या, लांब.
घोड्यांवर जुनं दार आडवं टाकून टेबल केलं,
त्यावर ते काळं लोखंडी मशीन,
शेजारच्या बस ड्रायव्हरला हाक मारून चढवलेलं.
राहिला एक दिवा, वाकणाऱ्या मानेचा.
शिवणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून उजेड यावा,
हाताची सावली सुईवर पडू नये,
एवढं मला कोणी सांगायला नको.
डाव्या भिंतीत चार स्क्रू आवळले, पक्के,
आणि बटण दाबलं.

एफी बसली. सुई उचलली.
तिच्या हाताची सावली
टाक्यावर मांजरासारखी येऊन बसली.

डाव्या हाताची.

त्रेचाळीस वर्षं ओळखतो मी हिला.
लग्नात साक्षीदार म्हणून सही माझी.
हिच्या हातचं सूप, हिनं विणलेले मोजे,
हिनं उसवून पुन्हा शिवलेला माझा कोट,
आणि तो हात कुठला ते मला ठाऊक नाही.
"वा रे पठ्ठ्या," मीच मला म्हणालो, "काय उजेड पाडलास!"

"कोणाच्याच लक्षात येत नाही," ती म्हणाली,
आणि सुई खाली ठेवून
माझ्या बाजूनं बोलल्यासारखं गप्प राहिली.

मग आठवलं, डुगी जेवायला
नेहमी तिच्या उजवीकडे बसायचा.
पाहुणे आले, खुर्च्या कमी पडल्या, तरी तिकडेच.
मला वाटायचं, रेडिओ जवळ पडतो म्हणून.
कोपराला कोपर लागू नये म्हणून बसत होता, गाढव,
आणि एका शब्दानं बोलला नाही.
आम्ही सगळेच असे. बोलण्यापेक्षा खुर्ची सरकवतो.

स्क्रू काढले. दिवा उजवीकडे नेला,
तार पुरेना, जोड द्यावा लागला;
खाणीत असा जोड दिला असता तर बोलणी खाल्ली असती.
डाव्या भिंतीत चार भोकं उरली.
"बुजवू?"
"राहू दे. टेप अडकवीन, खडू ठेवीन काहीतरी."

रात्री अकराला मी अंथरुणातून पाहिलं,
बागेच्या टोकाला पांढरी चौकट,
लीकची पाती त्यात निळी नाही, हिरवीच.
मशीन थांबत थांबत चाललं होतं.

कात्रीला धार होतीच.